‘दूध आटलं’ म्हणून आलेली आई: नोकरीवर परतल्यानंतरच्या पंपिंगचं एक प्रकरण

स्तनपान समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आयांमध्ये रजा संपवून कामावर परतलेल्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: ‘माझं दूध आटलं.’ किती तरी जणी हे वाक्य कुणालाही न विचारता खरं मानतात आणि अंगावर पाजणं बंद करतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे. आईच्या परवानगीने लिहिलं आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

आई तिशीच्या आसपासची, पहिलटकरीण. बाळंतपण सुरळीत झालेलं, मुलगी पूर्ण दिवसांची. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीला लावलं होतं आणि पहिले चार महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीही दिलं नव्हतं. आईचं काम फोनवर ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचं. कॉल चालू असताना जागेवरून उठता येत नाही आणि सुट्टीची वेळ वेळापत्रक ठरवतं. प्रवास धरून रोज दहा तास ती घराबाहेर. तेवढा वेळ बाळ आजीजवळ, म्हणजे तिच्या सासूबाईंजवळ.

तयारीत तिने काही कमी ठेवलं नव्हतं. दूध काढण्यासाठी प्रत्येक बाजूला स्वतंत्र मोटर असलेला इलेक्ट्रिक पंप घेतला होता. रजेच्या शेवटच्या महिन्यात रोज सकाळी थोडं थोडं काढून फ्रीजरमध्ये सुमारे ३ लिटर दूध साठवलं होतं. बाळ बाटलीही बिनतक्रार घेत होतं. कामावर परतल्यानंतर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती माझ्यासमोर बसली तेव्हा फ्रीजर रिकामा झाला होता. पहिल्या आठवड्यात कामाच्या दिवशी सुमारे ३३० मिली दूध निघायचं, ते १९० वर आलं होतं. बाळ मात्र घरी ४५० मिली पीत होतं. पंप लावला की दुखत होतं. ‘मॅडम, सरळ सांगा,’ ती म्हणाली, ‘पावडरचं सुरू करू का?’

तिची वही

तिने एक वही आणली होती. तारीख, वेळ, डावी बाजू, उजवी बाजू आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्यात ‘कॉल लांबला’, ‘घाई’, ‘खोलीत कुणीतरी होतं’ असं काहीबाही. या प्रकरणाची निम्मी उकल त्या वहीतच झाली, म्हणून तिच्याबद्दल जरा थांबून सांगते.

वेळेचा रकाना आधी पाहिला. पहिल्या आठवड्यात साडेदहा, दीड आणि साडेचार अशा तीन नोंदी रोज होत्या. दुसऱ्या आठवड्यात साडेदहाची नोंद सरकत सव्वाअकरावर गेली आणि साडेचारची मधूनमधून गायब होऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात रोज दोनच नोंदी, तीही चार-साडेचार तासांच्या अंतराने. दूध कमी झालं म्हणून ती चिंतेत होती, पण मुळात काढण्याची एक वेळच गळाली होती.

मग डावी-उजवी. सुरुवातीला दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यापासून उजवी घसरायला लागली: ५०, ४०, ३०. डावी त्या मानाने टिकून होती. आईचा थकवा, ताण, झोप या सगळ्याचा परिणाम दोन्ही बाजूंवर होतो. एकच बाजू पायरी-पायरीने उतरत असेल तर आधी यंत्र तपासावं.

तिसरी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. प्रत्येक सोमवारचे आकडे त्याआधीच्या शुक्रवारपेक्षा जास्त होते. शनिवार-रविवार बाळ दिवसभर अंगावर पीत होतं आणि सोमवारी दूध वाढलेलं दिसत होतं. आटलेलं दूध असं दर सोमवारी परत येत नाही. मी ते तीन सोमवार पेनने गोल केले आणि वही तिच्याकडे वळवली. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

बाळाची तपासणी

इथे फार लिहिण्यासारखं नाही आणि तीच चांगली बातमी होती. जन्मवजन ३ किलो, चार महिन्यांना ६.२, या भेटीत ६.५५. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-तक्त्यावर बाळ आपल्या रेषेवरून हललं नव्हतं. दिवसाला सहापेक्षा जास्त लंगोट ओले होत होते. त्वचा तुकतुकीत, नजर चौकस. बाळाला पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर त्याच कपड्यांत, ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोललं. फरक ११० ग्रॅमचा, म्हणजे एका वेळच्या पाजण्यात साधारण तेवढेच मिली दूध पोटात गेलं होतं. पाजताना घोट गिळल्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

म्हणजे बाळ लुचतं तेव्हा दूध येतं आणि पंप लावला की येत नाही. आता पंपाकडे वळणं भाग होतं.

पंपाची तपासणी

तिला माझ्यासमोर पंप लावायला सांगितला. पंपाचा छातीवर बसणारा फनेल खोक्यातून आलेलाच होता, २८ मिमीचा. बऱ्याच पंपांबरोबर २४ किंवा २८ मिमीचेच फनेल येतात आणि आया समजतात की तोच आपला आकार. तिच्या स्तनाग्राची रुंदी तळाशी मोजली तर १७ मिमी भरली. मोठ्या फनेलमुळे स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग नळीत खेचला जात होता. पंप काढल्यावर तो भाग सुजलेला आणि स्तनाग्राचं टोक पांढरट पडलेलं दिसलं. दुखत होतं ते यामुळे. शिवाय दूध निघत नाही म्हणून तिने ओढ सगळ्यात वरच्या आकड्यावर नेऊन ठेवली होती. खरं तर त्रास न होता सहन होईल तेवढ्याच ओढीवर दूध सर्वांत चांगलं निघतं. त्यापुढे वेदना वाढते, पान्हा अडतो आणि दूध कमी येतं.

उजव्या बाजूचा व्हॉल्व्ह मी काढून उजेडात धरला. हा सिलिकॉनचा बदकाच्या चोचीसारखा छोटा तुकडा असतो. त्याची चीर घट्ट मिटलेली हवी, तरच ओढ टिकते. इथे चीर अर्धवट उघडीच राहत होती. धुताना ती आत बाटलीचा ब्रश घालायची आणि त्यानेच ती ताणली गेली असावी. हा भाग पाण्याच्या धारेखाली बोटांनी हलकेच धुवायचा असतो आणि रोज वापरात असेल तर दोनेक महिन्यांत बदलावाच लागतो. पण नुसत्या नजरेवर निष्कर्ष काढायचा नव्हता. तिला सांगितलं, ‘उद्या कामावर दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करा आणि वहीत लिहा.’ दुसऱ्या दिवशी उजवी बाजू वर आली आणि डावी पडली. महिनाभराचा घोर एका लहानशा तुकड्यापाशी सापडला होता.

एवढ्यावर हे प्रकरण संपतं असं वाटेल. पण व्हॉल्व्ह आणि फनेल बदलूनही ४५० मिलीचा आकडा गाठणं तिला शक्य नव्हतं. प्रश्न असा होता की तो गाठायची गरज तरी होती का?

बाटलीचा हिशेब

केवळ अंगावर पिणारं बाळ एक ते सहा महिन्यांच्या काळात दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिली दूध पितं. बाळागणिक फरक बराच असतो, पण हा आकडा महिन्यांप्रमाणे फारसा चढत नाही, कारण वाढीचा वेग हळूहळू मंदावत जातो. पावडरच्या डब्यावर वयानुसार चढत जाणारं प्रमाण छापलेलं असतं. ते पाहून आईच्या दुधाचाही तसाच हिशेब धरला जातो आणि घोळ तिथे सुरू होतो. ७५० ते ८०० ला चोवीसने भागलं तर तासाला तीसेक मिली येतात. दहा तासांना ३०० ते ३५०. तिच्या पहिल्या आठवड्यातले ३३० मिली म्हणजे अगदी नेमकी गरज होती! पहिल्या दिवसापासून ती पुरेसं दूध काढत होती आणि पहिल्या दिवसापासून कमी पडतंय म्हणून झुरत होती.

मग ४५० कुठून आले? पुढच्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. त्या १५० मिलीच्या तीन बाटल्या द्यायच्या, बाळाला आडवं झोपवून, बाटली उभी धरून. निपल भरभर दूध सोडणारं होतं. बाटली पाचेक मिनिटांत संपायची, बाळ चुळबुळ करायचं आणि त्यांना वाटायचं की अजून भूक आहे. बाटली उभी धरली की दूध आपोआप घशात येतं आणि बाळाला गिळण्यावाचून इलाज नसतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला थोडा वेळ लागतो, तोवर बाटली रिकामी झालेली असते. शिवाय चोखणं ही बाळाची वेगळी गरज आहे. चोखायला मागितलं म्हणजे भूकच लागली असं नाही.

सासूबाईंना दोष देण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. सून कामावर असताना नात उपाशी राहू नये या काळजीपोटी त्या हे करत होत्या. त्यांना सांगितलं, ‘आजी, बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी धरा, आणि दोन-चार घोटांनंतर बाटली जराशी खाली करा.’ त्यांनी तिथेच करून पाहिलं. हळू दूध सोडणारं निपल, ७० ते ९० मिलीच्या चार बाटल्या, आणि बाळाने तोंड फिरवलं की थांबायचं. त्या बाटलीला वीसेक मिनिटं लागली. मधे बाळ थांबलं, आजीकडे बघून हसलं आणि परत प्यायला लागलं. ‘ही तर गप्पा मारत पितेय की!’ आजी म्हणाल्या. घरी गेल्यावर कसं पाजायचं हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही.

दूध खरंच थोडं कमी का झालं होतं

दिवसभर पोट गच्च असलेलं बाळ संध्याकाळी अंगावर कमी प्यायचं आणि रात्री सलग झोपायचं. आईला नोकरी आहे, झोप मिळू दे, म्हणून घरातल्यांनाही ते बरं वाटत होतं. त्यामुळे रात्रीचं पाजणं जवळजवळ थांबलं होतं.

दूध बनण्याचं नियंत्रण पहिल्या काही आठवड्यांनंतर मुख्यतः स्तनातच होतं. दूध साचून राहिलं की बनण्याचा वेग मंदावतो, रिकामं झालं की वाढतो. दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळीही रात्री जास्त असते. दिवसा एक वेळ गळाली, उजव्या बाजूचं दूध पंपाने नीट काढलं नाही आणि रात्री बाळाने मागितलं नाही, तर शरीराला गरज कमी झाल्याचाच निरोप जातो. घट थोडी होती, पण ती याच वाटेने पुढे वाढली असती. पावडरचं दूध लगेच सुरू केलं असतं तर अंगावरून निघणारं दूध आणखी कमी झालं असतं आणि ‘आटलं’ हे वाक्य महिनाभरात खरं ठरलं असतं.

काय केलं

फनेल २१ मिमीचा आणला, व्हॉल्व्हची नवी जोडी आणली, ओढ कमी केली. पंप लावण्याआधी मिनिटभर हलका मसाज, पंप चालू असताना हाताने स्तन हळुवार दाबत राहणं आणि शेवटी दोन मिनिटं हाताने दूध काढणं हे शिकवलं. स्टॅनफर्डच्या बालरोगतज्ज्ञ जेन मॉर्टन यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवर केलेल्या कामातून हाताची जोड दिल्याने दूध वाढतं हे २००९ मध्ये समोर आलं. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईलाही ही पद्धत उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. पहिला पान्हा ओसरल्यावर पंप लगेच बंद न करता पुन्हा हलक्या, जलद ठोक्यांवर आणला की बऱ्याचदा दुसरा पान्हा येतो. ती सारखी बाटलीवरच्या आकड्यांकडे बघत बसायची, म्हणून बाटल्यांवर बाळाचे मोजे चढवायला सांगितले. आकड्याऐवजी तिने फोनवरचे बाळाचे व्हिडिओ बघावेत. पान्हा फुटण्यासाठी लागणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला त्याचीच मदत होते, काळजीने ते अडतं.

रात्री स्वतः झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा बाळाला अंगावर घ्यायचं ठरलं. तासभरात पुन्हा पुन्हा पंप लावून दूध वाढवण्याची पद्धत मी तिला सुचवली नाही. ती आधीच दमलेली होती आणि त्याची गरजही नव्हती. दूध वाढवणाऱ्या गोळ्यांबद्दल तिने विचारलं. कारणं समोर दिसत असताना औषधाकडे वळणं मला पटत नाही, तसं तिला सांगितलं.

साठवणीच्या तिच्या सवयी चांगल्या होत्या. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं आणि बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत २४ तासांपर्यंत चालतं. फ्रीजरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम राहतं. गोठवलेलं दूध पूर्ण वितळल्यानंतर फ्रिजमध्ये २४ तासांत वापरायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांत संपवायचं किंवा टाकायचं. सुधारणा हवी होती ती धुण्यात. घाईत ती पंपाचे भाग सगळ्यांच्या सिंकमध्ये ठेवून धुवायची. त्यासाठी वेगळं भांडं आणि भागांचा दुसरा संच घेतला. दर वेळी साबण आणि गरम पाण्याने धुऊन हवेवर वाळवायचं.

कामाची जागा

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाकी सगळं आईच्या हातात असलं तरी हे नसतं. ती सामानाच्या खोलीत, कडी नसलेल्या दाराला खुर्ची लावून पंप करत होती. वरिष्ठांशी बोलली होती, पण ‘जमेल तशी सुट्टी घे’ एवढंच उत्तर मिळालं होतं. कॉलच्या कामात ‘जमेल तशी’ म्हणजे कधीच नाही.

स्तनपानासाठी कामातून वेळ मिळणं ही मेहेरबानी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या मातृत्व संरक्षण करारातच पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळेत दोनदा अर्धा तास देण्याची तरतूद होती. २००० सालचा १८३ क्रमांकाचा करार अशा सुट्ट्या कामाचाच वेळ धराव्यात आणि त्यांचा पगार द्यावा असं सांगतो. प्रत्येक देशाने तो स्वीकारलेला नाही, त्यामुळे आपल्याकडचा कायदा आईने पाहूनच घ्यावा. आम्ही दोघींनी मिळून एक छोटं पत्र लिहिलं. त्यात साडेदहा, दीड आणि साडेचार या ठरलेल्या वेळी वीस-वीस मिनिटं आणि आतून बंद होणारी खोली, एवढीच मागणी होती. ठरलेल्या वेळी फोन दुसऱ्याकडे वळवता येतो, ऐनवेळी उठून गेलं तर सगळ्यांचीच अडचण होते, हेही लिहिलं. आठवड्याभरात एक छोटी बैठकीची खोली मिळाली. ती कधीकधी दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असायची, आणि तो त्रास शेवटपर्यंत पुरता सुटला नाही.

मधली गाठ

अशाच एका दिवशी खोली रिकामी नव्हती, दुपारची वेळ हुकली आणि संध्याकाळी डाव्या स्तनात दुखरी, लालसर गाठ आली. कुणीतरी तिला गरम शेक देऊन जोरात चोळायला आणि पंपाने पूर्ण रिकामं करायला सांगितलं. तिने आधी मला फोन केला हे बरं झालं. हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जायचा, पण स्तनपान वैद्यक अकादमीच्या २०२२ च्या मार्गदर्शनानंतर तो बदलला आहे. जोरात चोळल्याने आतली सूज वाढते आणि जादा पंप केल्याने दूध आणखी बनतं. थंड शेक, नेहमीइतकंच पाजणं, सैल कपडे आणि डॉक्टरांना विचारून वेदनाशामक, एवढं केलं. २४ तासांत फरक पडला नाही किंवा ताप चढला तर डॉक्टरांकडे जायचं हे बजावलं होतं. ती वेळ आली नाही. दोन दिवसांत गाठ विरली.

पुढे काय झालं

तीन आठवड्यांत कामाच्या दिवशीचं दूध ३०० ते ३४० मिलीवर स्थिरावलं आणि आजींच्या चार बाटल्यांना ते पुरू लागलं. पंप लावताना दुखणं पहिल्या काही दिवसांतच थांबलं. एखाद्या दिवशी २७० च निघायचं. त्या दिवसासाठी सुट्टीच्या सकाळी काढलेलं थोडं दूध फ्रीजरमध्ये असायचं. बाळ रात्री दोनदा प्यायला लागलं आणि आईची झोप मोडायला लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. नवऱ्याने पहाटेनंतरचं बाळाचं सगळं स्वतःकडे घेतलं म्हणून ते निभावलं. इतकं करूनही एखादी बाटली पावडरच्या दुधाची द्यावी लागली असती, तरी मी तिला उरलेलं अंगावरचं दूध चालू ठेवायलाच सांगितलं असतं. मिळेल तेवढं आईचं दूध बाळाच्या कामी येतंच.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं खाणं सुरू झालं. बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर तिने दीडची वेळ बंद केली. एकदम नाही, आधी मिनिटं कमी करत आणि मग वेळ पुढे ढकलत, कारण गाठीची आठवण ताजी होती. आता साडेदहा आणि साडेचार या दोनच वेळा उरल्या आहेत. वर्ष पूर्ण झालं की पंप बंद करायचा आणि सकाळ-संध्याकाळ-रात्री अंगावर पाजणं चालू ठेवायचं, असं तिचं ठरलं आहे. व्हॉल्व्हची एक जादा जोडी ती पर्समध्ये बाळगते.